तरंगणे आणि तरणे

मराठी भाषेत ‘तरंगणे’ आणि ‘तरणे’ अशी दोन क्रियापदे आहेत. ती ऐकावयास इतकी सारखी आहेत की, त्यांच्या अर्थांतील अंतर सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वाळलेले पान तरंगते, लाकडाचा ओंडका तरंगतो, रिकामी घागर तरंगते. पण त्यांपैकी कोणी तरले असे म्हणण्याचा प्रघात नाही. पूर ओलांडून जो पैलतीराला लागतो तो तरला. तरंगावयास अंगी हलकेपणा असला की पुरे होते. तरावयास मात्र पाण्याची ओळख लागते. पाण्यावर स्वार होण्याचे जे खेळ आज जगभर लोकप्रिय झाले आहेत, त्यांचा विचार करताना हा भेद मनात ठेवणे अगत्याचे आहे. या खेळांची साधने बाजारात विकत मिळतात, आणि साधन हाती आले म्हणजे विद्याही पदरात पडली, असा समज व्हावयास फारसा वेळ लागत नाही.

झाशी शहरापासून सर्वांत जवळचा समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे सातशे किलोमीटर दूर आहे. बुंदेलखंडाचे नाव घेतले की कडक ऊन, उघडे खडक, जुने तलाव आणि पाण्याची टंचाई यांचेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाचे दृश्य झाशीच्या तरुणाने पाहिलेले असते ते पडद्यावरच. तरीही झाशीपासून अठरा किलोमीटरांच्या आत, ओरछ्याला, पावसाळा ओसरला म्हणजे बेतवा नदीच्या खळाळांतून रबरी तराफे सोडले जातात. ओरछ्याच्या राजांच्या छत्र्या जेथे पाण्याच्या काठी उभ्या आहेत, त्याच परिसरात हाती वल्हे आणि डोक्यावर हेल्मेट घेतलेली माणसे उसळत्या पाण्यावरून खाली जाताना दिसतात. समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या गावाला पाण्यावरची ही स्वारी अशा रीतीने लाभली आहे.

बेतवेचा परिचय येथे थोडक्यात करून घेतला पाहिजे. ही नदी मध्य प्रदेशात भोपाळच्या बाजूस रायसेन जिल्ह्यात उगम पावते, ईशान्येकडे वाहत जाते आणि सुमारे ५९० किलोमीटरांचा प्रवास करून हमीरपूरजवळ यमुनेला मिळते. तिचे संस्कृत नाव वेत्रवती. कालिदासाने मेघदूतात तिचा उल्लेख केला आहे, आणि तोही तिच्या चंचल लाटांसह. विदिशेपासची वेत्रवती आणि ओरछ्याची बेतवा एकच असली, तरी दोन्ही ठिकाणी तिची चाल एक नाही. बुंदेलखंडाचा पाया ग्रॅनाइटचा आहे, आणि हा खडक भारतातील अत्यंत प्राचीन खडकांपैकी एक. सह्याद्रीतील काळा पाषाण थरांथरांनी झिजतो. ग्रॅनाइट गोल धोंड्यांच्या रूपाने उरतो. ओरछ्याजवळ नदीचे पात्र अशा धोंड्यांनी आणि खडकांच्या आडव्या पट्ट्यांनी भरलेले आहे. पाणी एका डोहात स्थिरावते, मग दोन खडकांमधील अरुंद वाटेने निसटून जोराने खाली येते आणि पुढच्या डोहात पुन्हा शांत होते. हीच खळाळ आणि डोह यांची साखळी तराफ्याच्या खेळाला सोयीची ठरते.

या नदीची दोन रूपे आहेत. श्रावण-भाद्रपदात ती लाल-तांबूस पाण्याने दोन्ही तीर झाकून टाकते, आणि चैत्र-वैशाखात तिच्यात जागोजाग उतार सापडतात. १८५८ सालच्या मार्चअखेरीस झाशीला वेढा पडलेला असताना राणी लक्ष्मीबाईंच्या मदतीसाठी तात्या टोपे यांची सुमारे वीस हजारांची सेना बेतवा ओलांडून आली. १ एप्रिलला लढाई झाली, सर ह्यू रोजच्या फौजेपुढे तिचा निभाव लागला नाही आणि ती पुन्हा नदीपार मागे हटली. कोकणातील वरसईहून निघालेले विष्णुभट गोडसे त्या दिवसांत झाशीच्या तटाच्या आतच होते. त्यांची ‘माझा प्रवास’ ही हकीकत पुढे १९०७ साली प्रसिद्ध झाली. एवढी मोठी फौज, तोफा आणि जनावरे नदीतून नेता आली, ती ऋतू उन्हाळ्याचा होता म्हणून. त्या काळच्या सैनिकाला, बैल हाकणाऱ्याला आणि पायी यात्रा करणाऱ्याला नदीचा उतार कोठे आणि कोणत्या महिन्यात सापडतो हे ठाऊक असावेच लागे. ते ज्ञान हौसेचे नव्हते; प्रवासाच्या शिदोरीइतकेच ते आवश्यक होते.

आता प्रत्यक्ष लाटेकडे वळू. समुद्राची लाट आणि नदीची लाट दिसावयास सारख्या असल्या तरी त्यांचा स्वभाव अगदी उलट आहे. समुद्रात लाट चालते आणि पाणी जागच्या जागी राहते. नदीत पाणी चालते आणि लाट जागच्या जागी राहते. पाण्यावरच्या स्वारीचे सारे तंत्र या एका वाक्यात सामावलेले आहे.

दक्षिणेकडे खुल्या हिंदी महासागरात वादळी वारा दूरवर पाण्याला घासत जातो आणि आपला जोर पाण्याच्या हवाली करतो. तो जोर हजारो किलोमीटर प्रवास करून केरळच्या किनाऱ्यापर्यंत येतो. पाणी मात्र येत नाही. खोल समुद्रात नारळ टाकला तर तो लाटेबरोबर वर चढतो, किंचित पुढे सरकतो, खाली उतरतो, किंचित मागे येतो आणि जवळजवळ पहिल्याच जागी पोचतो. वाऱ्याने शेतातील ज्वारी डोलते तेव्हा लाट बांधापर्यंत धावत गेल्यासारखी वाटते, पण एकही ताट जागचे हलत नाही. तसेच हे आहे. पुढे किनारा जवळ आला आणि पाण्याची खोली लाटांच्या दोन शिखरांमधील अंतराच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळ लागू लागतो. तिचा पाय मंदावतो, माथा उंच होतो, आणि पाण्याची खोली तिच्या उंचीच्या सुमारे सव्वापट उरली म्हणजे माथा पुढे कोसळतो. कोसळण्यापूर्वीच्या त्या क्षणी लाटेच्या पुढे एक उतार तयार झालेला असतो. फळीवर पालथा पडून हातांनी पाणी मारीत लाटेची गती गाठावयाची, त्या उतारावर फळी घसरू लागली की चटकन दोन्ही पायांवर उभे राहावयाचे आणि लाट जो नवा नवा उतार पुढे करील त्यावरून तिरपे घसरत जावयाचे, यालाच सर्फिंग म्हणतात.

नदीत याच्या उलट घडते. खडकावरून उतरलेले उथळ, वेगवान पाणी खालच्या खोल आणि संथ पाण्यावर येऊन आदळते. आपला वेग त्याला एकदम टाकता येत नाही. म्हणून ते वर उसळी घेते. पाणी वाहत राहते, उसळी मात्र त्याच ठिकाणी दिवसरात्र उभी असते. अशा उभ्या लाटेवर तोंड उगमाकडे करून फळी टाकली, तर स्वार लाटेच्या पुढील उतारावरून खाली घसरू पाहतो आणि वाहते पाणी त्याला वर ढकलू पाहते. दोहोंचा तोल साधला की काठावरच्या माणसाला तो एकाच जागी नाचत असल्यासारखा दिसतो. जर्मनीतील म्युनिक शहर समुद्रापासून दूर, आल्प्स पर्वताच्या अलीकडे आहे. पण तेथील आइसबाख नावाच्या कालव्यात अशी एक लाट उठत असे, आणि १९७० च्या दशकापासून तेथील तरुण तिच्यावर स्वार होत आले. २०२५ च्या शरद ऋतूत कालव्यातील गाळ काढून पाणी पुन्हा सोडण्यात आले, तेव्हा ती जगप्रसिद्ध लाट उठेना. पाणी होते, उतार होता. तळाची ठेवण तेवढी बदलली होती. लाटेचे मूळ नजरेआड तळाशी असते, हे त्या शहराला अशा रीतीने कळून आले.

या विद्येचे माहेर पॅसिफिक महासागरातील हवाई बेटे होत. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीतील लेफ्टनंट जेम्स किंग याने १७७९ साली तेथील लोकांना फळ्यांवरून लाटा ओलांडताना पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवले. तेथे राजापासून सामान्य माणसापर्यंत, स्त्रिया व पुरुष, सर्वच लाटेवर स्वार होत. सरदारांच्या लांबलचक फळीला ‘ओलो’ म्हणत आणि ती विलिविलि नावाच्या झाडाच्या हलक्या लाकडाची करीत. १८२० नंतर तेथे मिशनऱ्यांचा प्रभाव वाढला, बाहेरून आलेल्या रोगांनी लोकसंख्या घटली आणि ही कला मागे पडली. विसाव्या शतकाच्या आरंभी वाइकीकीच्या किनाऱ्यावर तिचे पुनरुज्जीवन झाले. १९१२ आणि १९२० च्या ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर पोहण्याची सुवर्णपदके जिंकणारा ड्यूक कहानामोकू हा तिचा सर्वांत मोठा प्रचारक. त्याने ती अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आणि ऑस्ट्रेलियात नेली. एक गोष्ट येथे विसरता येत नाही: हा माणूस आधी श्रेष्ठ पोहणारा होता, आणि मग लाटेवरचा स्वार.

हवाईचा विलिविलि आणि आपल्याकडे माघ-फाल्गुनात लाल फुलांनी पेटणारा पांगारा हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच वंशातील, एरिथ्रिना वंशातील, वृक्ष आहेत. पांगाऱ्याचे लाकूडही तसेच हलके. ते जाळ्यांच्या तरंगांसाठी आणि तराफ्यांसाठी वापरात आले. महाराष्ट्रातील खेड्यांत विहिरीत पोहावयास शिकणाऱ्या मुलाच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधीत, तर कोठे अशाच हलक्या लाकडाचे तुकडे कमरेला बांधीत. नदी ओलांडण्यासाठी भोपळ्यांची वा ओंडक्यांची सांगड करीत. पोहता न येणारा माणूस पट्टीच्या पोहणाऱ्याच्या कासेला लागून पलीकडे जाई. भवनदी, सांगड, कास आणि पैलतीर हे शब्द संतवाङ्मयात वारंवार येतात, याचे कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाने ते काठावर उभे राहून पाहिलेले असत. परंतु हवाईच्या फळीत आणि विहिरीतल्या भोपळ्यात एक महत्त्वाचा फरक होता. फळी जन्मभर वापरावयाची, आणि भोपळा पुढे सोडून द्यावयाचा. मुलाचा हात बसला, श्वास लागेनासा झाला की भोपळा सुटे. तो बांधीत असत तो सुटावा म्हणूनच.

आजच्या साधनांकडे पाहिले म्हणजे मनुष्याच्या कल्पकतेचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. १९३५ साली टॉम ब्लेक याने फळीच्या तळाशी माशाच्या परासारखी एक पट्टी बसविली, तेव्हा फळीला दिशा आली. १९५२ साली जॅक ओनील याने सॅन फ्रान्सिस्कोत या सामानाचे दुकान उघडले, आणि थंड पाण्यात अंग उबदार ठेवणारा रबरी पोशाख लोकप्रिय केला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लाकडाऐवजी फेसाळ प्लास्टिकच्या गाभ्यावर काचतंतूचे वेष्टन चढविलेल्या फळ्या निघाल्या. पूर्वी दोन माणसांनी उचलावयाची फळी मुलाच्या काखेत मावू लागली. १९७१ च्या सुमारास फळीला बांधून घोट्याला अडकविण्याचा दोर आला, आणि फळी हातून निसटली की पोहत जाऊन आणण्याचे श्रम वाचले. तो वाचलेला श्रम जमेला धरावा की खर्चाला, याविषयी जुन्या स्वारांत तेव्हा मतभेद झाले. दोर नव्हता तोपर्यंत ज्याला चांगले पोहता येत नसे, तो खोल पाण्यात जातच नसे. दोर आल्यावर तोही जाऊ लागला.

दुकानात गेलेला नवशिका बहुधा लहान, निमुळती, चकचकीत फळी पसंत करतो, कारण चित्रात नामांकित खेळाडूच्या हाती त्याने तीच पाहिलेली असते. वास्तविक नवशिक्याला लांब, रुंद, जाड आणि वरून मऊ असलेली फळी हवी. ती सावकाश वळते, पण लाट लवकर पकडते आणि डोक्यावर आदळली तरी इजा कमी करते. तराफ्याच्या खेळात लाइफ जॅकेट हे मुख्य साधन. ते अंगाला घट्ट बसले पाहिजे. खांद्यांपाशी धरून कोणी वर ओढले तर ते कानांपर्यंत सरकता कामा नये. सैल जॅकेट पाण्यात स्वतः तरंगते आणि माणूस त्याच्या खाली राहतो. डोक्याला हेल्मेट हवे, कारण ग्रॅनाइटला दयामाया नाही. पायांत बोटे झाकणारी आणि पट्ट्याने बांधलेली पादत्राणे असावीत. ओढणी, उपरणे, लोंबणारा पट्टा अंगावर नसावा. आणि समुद्रात उपयोगी पडणारा घोट्याचा दोर वाहत्या नदीत मृत्यूचे कारण होऊ शकतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये म्युनिकच्या त्याच कालव्यात एका महिलेचा दोर तळाशी अडकला, पाण्याच्या जोरापुढे तिला तो सोडविता आला नाही, आणि पुढे तिचे निधन झाले. साधन तेच, पाणी बदलले की त्याचा गुण बदलतो.

म्हणून साधनांच्या आधी पाणी वाचावयास शिकले पाहिजे. बेतवेच्या काठी उभे राहिले तर पाणी स्वतःच आपली लिपी दाखविते. दोन खडकांमधून जाणारे गुळगुळीत पाणी जिभेसारखे निमुळते होत प्रवाहाच्या दिशेने टोक करते. ती मोकळी वाट होय. टोक उगमाकडे असेल आणि दोन रेषा खाली फाकत असतील, तर त्या टोकाशी पाण्याखाली खडक दडलेला आहे असे समजावे. मोठ्या धोंड्याच्या पाठीमागे पाणी फिरून उगमाकडे वाहते. तेथे तराफा विसावा घेऊ शकतो. पण उंच पायरीवरून सरळ खाली पडणारे पाणी जेथे पांढरे होऊन स्वतःवरच उलटते, तेथे सापडलेली वस्तू ते सोडीत नाही. वर आणते, पुन्हा खाली नेते. अशी जागा खडकाळ नदीत क्वचित आणि तुटक असते. बंधाऱ्याच्या पायथ्याशी मात्र ती एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग असते, आणि वरून पाहणाऱ्याला तेथील पाणी निरुपद्रवी वाटते. लहानशा बंधाऱ्याखाली उत्तम पोहणारे बुडतात, त्याचे कारण हे.

तराफ्यातून पडलेल्या माणसाने उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. पाणी कमरेएवढे का असेना, पाय दोन दगडांत अडकला की प्रवाह शरीराला पुढे लोटतो आणि डोके पाण्याखाली जाते. उताणे व्हावे, पाय वर आणि पुढे प्रवाहाच्या दिशेला ठेवावे, खडक आला तर तळव्यांनी झेलावा, आणि पाणी संथ झाले की काठाकडे हात मारावेत. हे चार शब्द ओरछ्याचा मार्गदर्शक तराफा सोडण्यापूर्वी सांगतो. त्या वेळी छायाचित्रे काढण्यात रमलेले प्रवासी ते ऐकत नाहीत, हीच काय ती अडचण.

असे वाचन आपल्या लोकांना एकेकाळी परके नव्हते. झाशीचा किल्ला ओरछ्याच्या वीरसिंह देवाने १६१३ साली बांधला, आणि अठराव्या शतकात मराठ्यांचे सरदार नारोशंकर यांनी त्याची वाढ करून शहराला आकार दिला. त्याच नारोशंकरांच्या नावाचे देऊळ नाशिकला गोदावरीच्या काठी आहे, आणि त्याची घंटा महाराष्ट्रात म्हणीसारखी प्रसिद्ध आहे. तेथून जवळच पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. गोदेला पूर आला म्हणजे नाशिककर विचारतात, पाणी मारुतीच्या कोठवर आले? गुडघ्याला, कमरेला की छातीला? त्यावरून कोणते दुकान उचलावयाचे आणि कोणती गल्ली सोडावयाची हे ठरते. फूट आणि मीटर यांच्या पट्ट्या आल्या तरी ही मोजणी अद्याप गेलेली नाही. अशा खुणा घाटाघाटावर होत्या, आणि त्या जाणणारे नावाडी, कोळी, ढीमर त्या पुढच्या पिढीला देत असत. पूल झाले, नळ आले, घाटावर जाण्याचे कारण उरले नाही. शहरातील मुलगा पाण्याला भेटतो तो तोटीतून. आणि वर्षातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, नदीवर वा समुद्रावर.

शिवाय आजची नदी पावसाच्या मर्जीने पुरती वाहत नाही. ओरछ्याच्या वरच्या अंगाला बेतवेवर राजघाट, माताटीला आणि डुकवाँ ही धरणे आहेत, तर खालच्या अंगाला एकोणिसाव्या शतकात बांधलेला परीछाचा बंधारा. धरणाचे दरवाजे उघडले की निरभ्र आकाशाखालीही खळाळ फुगतो. महाराष्ट्रात कोलाडजवळच्या कुंडलिका नदीवर तराफ्याचा खेळ चालतो, तो तर वरच्या अंगाच्या जलविद्युत केंद्रातून सुटणाऱ्या पाण्याच्या वेळापत्रकावरच. तेव्हा पाणी वाचणाऱ्याला आता आभाळाबरोबर धरणाची वार्ताही ठेवावी लागते. आणि ज्या पाण्यावर प्रवासी घटकाभर स्वार होतो, त्याच पाण्याची वाट खालचा शेतकरी पाहत असतो. केन नदीचे पाणी बेतवेच्या खोऱ्यात आणण्याच्या प्रकल्पाची कोनशिला २५ डिसेंबर २०२४ रोजी बसविण्यात आली. त्याच्या लाभहानीविषयी मते भिन्न आहेत. परंतु या भूमीत पाणी ही किती मोलाची वस्तू आहे, याची जाणीव खेळणाऱ्यालाही असावी. काठावर टाकलेली बाटली आणि कागद मागे ठेवून जाणारा प्रवासी ज्या पाण्यावर आनंद लुटतो, त्याचाच अपराधी होतो.

ज्यांना प्रवास करावयाचा आहे, त्यांनी ऋतू पाहून निघावे. ओरछ्याला पावसाळ्यानंतर आणि थंडीच्या दिवसांत जावे. चैत्रानंतर पात्रात दगड वर येतात आणि भर पावसात नदी खेळावयाची नसते. झाशी हे मोठे जंक्शन असल्याने येणे सर्व दिशांनी सोपे आहे. समुद्राच्या लाटेची ओढ असेल, तर गोव्याच्या उत्तर भागातील किनाऱ्यांवर पावसाळा सरल्यावर लहान, सौम्य लाटा असतात. नवशिक्याला त्याच योग्य. कर्नाटकात मंगळूरजवळ मुल्की येथे २००४ साली सर्फिंगचे एक आरंभीचे केंद्र सुरू झाले. तमिळनाडूत चेन्नईच्या दक्षिणेला कोवळम या मच्छीमारांच्या गावात ही विद्या कोळ्यांच्या मुलांनी आपलीशी केली, आणि त्यात नवल नाही; ओंडके बांधून केलेल्या ‘कट्टुमरम’वर बसून फुटत्या लाटा ओलांडणे हा त्यांच्या वाडवडिलांचा नित्याचा व्यवसाय होता. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, या खेळाला प्रथम स्थान मिळाले. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये महाबलीपुरम येथील आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाळ या भारतीय खेळाडूने कांस्यपदक मिळविले.

झाशी, नागपूर, इंदूर यांसारख्या समुद्रापासून दूरच्या गावांतून कोकण-गोव्याला जाणाऱ्या पाहुण्याने आणखी एक खूण शिकून जावी. किनाऱ्यावर दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधला एक पट्टा शांत दिसतो. न जाणणारा तेथेच उतरतो. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी समुद्रात परत जाते ते त्याच वाटेने, आणि म्हणूनच तेथे लाटा फुटत नाहीत. अशा प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत पोहू नये; किनाऱ्याला समांतर काही अंतर जावे, प्रवाह सुटतो, आणि मग लाटाच माणसाला परत आणतात. शांत दिसणारे पाणी धोक्याचे आणि फेसाळ दिसणारे पाणी परत आणणारे, ही गोष्ट डोळ्यांना पटत नाही. ती आधी शिकावीच लागते.

भारतात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. त्यांतील फार थोडी खेळताना बुडतात. बहुतेक विहिरीत, तळ्यात, ओढ्यात, घाटावर, रोजच्या कामात. त्यामुळे पाण्यावरच्या खेळाला श्रीमंतांची चैन म्हणून बाजूस सारणे योग्य होणार नाही. उलट, ओरछ्याचा तराफा वा गोव्याची फळी ही एखाद्या मुलाला पोहावयास शिकण्याचे निमित्त झाली, तर तिची किंमत कितीतरी पटींनी वसूल झाली असे समजावे. प्रत्येक शाळेजवळ तरणतलाव बांधणे कदाचित लवकर साधणार नाही. पण गावोगावी विहिरी आणि तळी आहेत, पोहणारे वडीलधारे अजून आहेत, आणि वाळलेला भोपळा अजूनही फार महाग झालेला नाही. मुलींना या शिक्षणातून वगळण्याची जुनी चूक मात्र सोडली पाहिजे. बुडताना पाणी मुलगा-मुलगी पाहत नाही.

फळी असो, तराफा असो वा भोपळा असो, त्याचे काम माणसाला वर धरून ठेवण्याचे आहे, आणि ते काम तो प्रामाणिकपणे करतो. पुढचे काम माणसाचे. बेतवेच्या खळाळातून पार होऊन खालच्या डोहात आलेल्या तराफ्यावर जे आनंदाचे ओरडणे ऐकू येते, त्यात सहा-सात जणांचा आवाज असतो. गप्प असतो तो मागे बसलेला वल्हेकरी. त्याची नजर त्या वेळीही पुढच्या खडकाभोवतीच्या पाण्यावर असते. ज्याला या खेळाची खरी गोडी लागावी असे वाटते, त्याने दुसऱ्या खेपेस जाताना नवे सामान घेण्याआधी त्या माणसाशेजारी तासभर काठावर बसावे, आणि पाणी कसे वाहते ते त्याच्याकडून समजून घ्यावे.